सेकंदाला सहा कोटी उत्तरपत्रिका

भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर मोजून पाच ओळी. पहिलीत ‘सक्सेस : ट्रू’, दुसरीत ‘स्कोअर : ०.७’, मग मी काय करत होतो ते, म्हणजे ‘लॉगिन’, मग सेकंदासकट तारीख-वेळ आणि शेवटी साइटचं नाव.

“मामा, हा तुमचा निकाल.”

भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याने एक चाचणीचं पान तयार केलं होतं. मी त्यात नाव टाकलं, बटण दाबलं, बस्स. सिग्नलचे दिवे ओळखा, झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन निवडा, असलं काही त्याने विचारलं नाही. गूगलची रीकॅप्चा नावाची सेवा २०१८ पासून हे काम मुकाट्याने करू शकते. बटण दाबताच माझ्या ब्राउझरने गूगलकडून एक लांबलचक टोकन आणलं आणि भाच्याच्या सर्व्हरच्या हातात दिलं. सर्व्हरने त्याला आपली गुप्त किल्ली जोडली आणि गूगलच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या खिडकीला, विचारलं, हा कोण? उत्तरात या पाच ओळी आल्या. टोकन एकदाच चालतं आणि तेही दोन मिनिटांत वापरावं लागतं. नंतर ते शिळं.

गुण शून्य ते एक. एक म्हणजे बहुधा माणूस, शून्य म्हणजे बहुधा बॉट, माणसासारखा वागणारा प्रोग्राम. मग भाच्याने स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट त्याच पानावर सोडली. तिला ०.१ मिळाले. मला सत्तर टक्के म्हणजे डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं, असं मी म्हणालो. तर कळलं की पैसे भरायचं खातं जोडलेलं नसेल तर निकालपत्रात चारच पायऱ्या असतात : ०.१, ०.३, ०.७ आणि ०.९. खातं जोडलं की अकरा. महिन्याला पहिल्या दहा हजार तपासण्या फुकट आहेत. दिवसाला तीनशे तेहतीस पडतात, गल्लीतल्या दुकानाच्या साइटला त्या पुरून उरतील.

त्या पाच ओळींत ‘हा बॉट आहे’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. गूगल गुण देऊन बाजूला होतं. ०.५ पासून सुरुवात करा, असं सुचवतं, पण दार उघडायचं की नाही हे साइटवाल्याने ठरवायचं. पेपर एकाने तपासायचा आणि पास-नापासची रेघ दुसऱ्याने मारायची, अशी ही वाटणी आहे. पुढचे सगळे आकडे वाचताना ती डोक्यात ठेवावी लागते.

आता सकाळचे १० वाजू द्या. रेल्वेचं एसीचं तत्काळ आरक्षण १० ला उघडतं, बिगर-एसीचं ११ ला. २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता आयआरसीटीसीवर एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. तो तेव्हाचा विक्रम होता. सेकंदाला ५३० तिकिटं. ‘अरे, ओटीपी आला का?’ एवढं विचारून होईपर्यंत हजारभर तिकिटं गेली.

त्याच सुमारास रेल्वेने जाहीर केलेला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यांतले निम्म्यापर्यंत बॉटचे असतात. म्हणजे रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला प्रत्येक दुसरा इसम इसमच नाही. रेल्वेने अडीच कोटींहून जास्त संशयित खाती बंद केली. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, तेव्हा दोन मुंबया भरतील इतकी खाती. टाकाऊ ईमेल पुरवणारी ६,८०० हून जास्त डोमेनं अडवली, आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली.

इथे मी एक हिशेब मांडतो. आकडे मानलेले आहेत, गणित मात्र खरं आहे. समजा, पहिल्या झपाट्यात एक लाख लॉगिन आले. निम्मे बॉट, निम्मी माणसं. आपलं बॉट ओळखणारं यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर आहे. कुठल्याही परीक्षेत नव्याण्णव टक्के म्हणजे पेढे वाटायचे. इथे मात्र पन्नास हजार माणसांपैकी पाचशे बॉट ठरली. रेल्वेच्या एलएचबी पद्धतीच्या एका स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांचे सहा डबे एका टक्क्याने फलाटावर ठेवले. आणि आपण का राहिलो, हे त्यांतल्या एकालाही कळणार नाही. त्यांना फक्त ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ दिसेल.

एक लाख ही भातुकलीतली संख्या झाली. जगातल्या वेबसाइटींच्या पुढे दरवान म्हणून उभी राहणारी क्लाउडफ्लेअर नावाची कंपनी आहे. २०२४ च्या वार्षिक आढाव्यात तिने सांगितलं की तिच्या जाळ्यावर सरासरीने सेकंदाला ६ कोटी ३० लाख विनंत्या येतात. विनंती म्हणजे कुणीतरी, किंवा कशाने तरी, पान, चित्र नाहीतर माहितीचा तुकडा मागणं. एक वेबपान उघडलं की अशा डझनांनी विनंत्या सुटतात.

६ कोटी ३० लाख हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो दहावीच्या परीक्षेने मोजू. महाराष्ट्रात वर्षाला साधारण १६ लाख मुलं दहावीला बसतात. सहा विषय धरले तर कोटीला थोड्या कमी उत्तरपत्रिका होतात. त्या तपासून निकाल लावायला मंडळाला दोनेक महिने आणि राज्यभरातले शिक्षक लागतात. अशा सहाहून जास्त वर्षांच्या उत्तरपत्रिका तिथे एका सेकंदात येऊन पडतात. पुढच्या सेकंदाला पुन्हा तितक्याच.

एकाच माणसाने सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता त्या तपासायच्या म्हटलं, तर एका सेकंदाची थप्पी संपायला बरोबर दोन वर्षं लागतील. एका दिवसाच्या विनंत्या भरतात ५ लाख ४४ हजार कोटी. त्या संपवायला १ लाख ७२ हजार वर्षं हवीत. जगातल्या दर माणशी वाटल्या तर दिवसाला साडेसहाशेच्या वर येतात, तान्ह्या बाळांसकट.

क्लाउडफ्लेअरची बॉट ओळखण्याची सेवा ज्यांनी घेतली आहे, त्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येक विनंतीला १ ते ९९ मधला एक गुण लागतो. १ म्हणजे नक्की यंत्र. ३० च्या खाली म्हणजे बहुधा यंत्र. हा गुण विनंतीबरोबरच साइटच्या मालकाकडे जातो आणि मालक नियम लिहितो : तीसच्या खाली असेल तर अडवा, किंवा कोडं घाला. गुण लागतो तो पान उघडेपर्यंतच्या पापणी लवायच्या वेळात. फेरतपासणीचा अर्ज इथे नाही.

यांतले बॉट किती? इम्परवा या कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मध्ये वेबवरची ५१ टक्के वर्दळ यंत्रांची होती आणि ३७ टक्के वाईट हेतूच्या बॉटची. माणसं अल्पमतात गेली म्हणून बराच गाजावाजा झाला. इम्परवा बॉट अडवण्याचीच सेवा विकते. कुलपं विकणाऱ्याने गावातले चोर मोजावेत, तसा हा आकडा. खोटा असेलच असं नाही, पण मी तो टोपी जरा तिरकी करून वाचतो.

कोडी घालून माणूस ओळखायची जुनी रीत किती महाग पडली, तेही सांगून टाकतो. २०२१ मध्ये क्लाउडफ्लेअरने हिशेब मांडला होता : एक कॅप्चा सोडवायला सरासरी ३२ सेकंद, ४६० कोटी वापरकर्ते, प्रत्येकाला दहा दिवसांतून एकदा. यावरून माणसांची रोजची ५०० वर्षं वाया जातात, असं त्यांनी म्हटलं. मी गणित करून पाहिलं तर ४६६ वर्षं आली. वरची चौतीस त्यांनी गोल आकड्यासाठी उदारपणे घातलेली दिसतात. एवढं करून हाती काय लागलं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये १,४०० लोकांकडून १४,००० कॅप्चा सोडवून घेतले. वेड्यावाकड्या अक्षरांच्या कोड्यात माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि त्यांची अचूकता ५० ते ८४ टक्के भरली. बॉटला एका सेकंदाहून कमी वेळ आणि अचूकता ९९.८ टक्के. म्हणजे जो चुकेल तो माणूस समजावा, अशी पाळी आली.

म्हणून सगळी भिस्त आता त्या मुक्या गुणावर आहे. त्याच्या पोटात काय असतं, हे १८ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी जगाला दिसलं.

त्या दिवशी आपल्याकडे संध्याकाळचे ४ वाजून ५० मिनिटं झाली होती. एक्स उघडेना, चॅटजीपीटी उघडेना. कुठली साइट बंद आहे ते सांगणारी डाउनडिटेक्टर ही साइटसुद्धा अडखळायला लागली. क्लाउडफ्लेअरच्या म्हणण्यानुसार साधारण वीस टक्के वेब तिच्यामागे आहे, त्यामुळे ती पडली की कोण कोण पडेल याला धरबंध राहत नाही. आत बसलेल्या अभियंत्यांना आधी वाटलं, मोठा हल्ला झाला. शंका पक्की व्हायला एक योगायोगही कारण झाला. सेवा चालू आहे की बंद ते सांगणारं त्यांचं पान मुद्दाम त्यांच्या जाळ्याबाहेर ठेवलेलं असतं. तेही नेमकं तेव्हाच बंद पडलं.

हल्ला वगैरे काही नव्हता. गुण लावणाऱ्या यंत्राला एक फाइल लागते. विनंतीतल्या कोणकोणत्या लक्षणांकडे बघायचं, त्याची ती यादी. बॉट रोज नवे वेश घेतात म्हणून ही यादी दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होते आणि जगभर पसरते. यादीत तेव्हा साठेक लक्षणं असायची. प्रोग्रामात कमाल मर्यादा २०० ची, म्हणजे तिपटीहून जास्त मोकळी जागा. कुणालाही पुरेशी वाटावी अशी.

पावणेपाचच्या आधी, ४ वाजून ३५ मिनिटांनी, त्यांच्या एका डेटाबेसमधल्या परवानग्या बदलल्या गेल्या. हेतू चांगला होता, सुरक्षा वाढवण्याचा. पण यादी तयार करणाऱ्या प्रश्नाला आता तीच लक्षणं दुसऱ्या कोठारातूनही दिसायला लागली. मतदार यादीत एकच माणूस दोन पत्त्यांवर सापडावा, तसं झालं. फाइल दुपटीहून फुगली आणि २०० ची वेस ओलांडली. ती वाचणाऱ्या प्रोग्रामात ‘जास्त आली तर काय करायचं’ हे लिहिलेलंच नव्हतं. तो जागच्या जागी बसला आणि त्याच्याबरोबर दरवानही बसला.

त्यात आणखी एक गंमत अशी, की डेटाबेसचे सगळे भाग एकदम बदललेले नव्हते. त्यामुळे दर पाच मिनिटांनी फाइल कुठल्या भागातून येते, त्यावर नशीब ठरायचं. एकदा धड, एकदा बिघडलेली. साइटी यायच्या आणि जायच्या. घरात सारखी लाइट येऊन जात असेल तर बिघाड खांबावर आहे की फ्यूजमध्ये, ते वायरमनलाही चटकन कळत नाही. तसंच इथे. शेवटी नव्या फाइली बनवणं थांबवून जुनी धड फाइल बसवली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ८ वाजले होते. सगळं पूर्ववत व्हायला १० वाजून ३६ मिनिटं झाली.

बातम्या एवढ्यावर संपल्या. मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट कंपनीच्याच कबुलीजबाबात एका वाक्यात होती. काही ग्राहक अजून जुन्या इंजिनावर होते. त्यांचं काहीच बंद पडलं नाही. त्यांच्या दारातल्या यंत्राने गुण देणं चालूच ठेवलं. फक्त आलेल्या प्रत्येकाला शून्य दिलं.

क्लाउडफ्लेअरच्या मोजपट्टीत शून्याचा अर्थ ‘बॉट’ नाही. गुण एकपासून सुरू होतात. शून्य म्हणजे ‘मोजलं नाही’. पेपर न उघडता गठ्ठ्यात परत ठेवला, एवढंच. पण मालकाने तर ‘तीसच्या खाली असेल त्याला अडवा’ असा नियम लिहून ठेवलेला. शून्य हे तीसपेक्षा कमीच असतं. त्यामुळे ज्यांनी असा नियम लावला होता, त्यांच्या दारात न तपासलेला प्रत्येक माणूस पहिल्या नंबरचा बॉट ठरला. यंत्राच्या दृष्टीने चूक कुठेच नव्हती. एपीआयने नेहमीसारखा आकडा दिला, नियमाने तो वाचला, दार बंद झालं.

आता जरा मागे जाऊ, कारण एपीआयला विचारून निकाल मागवण्याच्या या प्रकाराची सगळ्यात महागडी गोष्ट त्याआधी तीन वर्षं घडली होती.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने २०१४ मध्ये ‘बॉट-ऑर-नॉट’ नावाचं साधन काढलं. पुढे ते बोटोमीटर झालं. ट्विटरवरच्या एखाद्या खात्याचं नाव द्यायचं. साधन त्या खात्याची जास्तीत जास्त २०० ताजी ट्विटं आणि त्याचे उल्लेख गोळा करी, हजारावर लक्षणं तपासी आणि शून्य ते पाच असा गुण देई. एपीआयने मागवलं तर एका गुणाऐवजी आख्खं प्रगतिपुस्तक येई : स्पॅम किती, विकतचा अनुयायी वाटतो किती, पैशांच्या जाहिराती किती, एकूण किती. त्यात दोन रकाने असत, एक इंग्रजीसाठी आणि एक सर्व भाषांसाठी. मराठीत ट्विट करणाऱ्याने दुसरा रकाना पाहायचा. पहिल्यात शब्दांवरूनही गुण लागत, आणि ‘काय राव’ला तिथे कोण विचारतं?

या साधनाच्या दारावरही दरवान होता, आणि तो खुद्द ट्विटर. ट्विटरच्या एपीआयवर साध्या परवान्याने दर १५ मिनिटांत १८० खाती तपासता येत. दिवसात अशी ९६ पंधरा मिनिटं असतात. म्हणजे रोज १७,२८० खाती. ऐकायला भरपूर. पण २०२२ च्या सुरुवातीला ट्विटरवर रोज येणारे वापरकर्ते होते २२ कोटी ९० लाख. सगळ्यांना एकेकदा तपासायचं म्हटलं तर १३ हजार २५२ दिवस लागले असते, सव्वाछत्तीस वर्षं. बोटोमीटरच्या जन्मवर्षापासून रोज न चुकता तपासत बसलं असतं तर २०५० मध्ये काम संपलं असतं.

याच २२ कोटी ९० लाखांवरून इलॉन मस्कने ट्विटर विकत घेण्याचा ४४ अब्ज डॉलरचा सौदा कोर्टात गेला. ट्विटरचं म्हणणं, स्पॅम आणि खोटी खाती पाच टक्क्यांहून कमी. म्हणजे फार तर १ कोटी १४ लाख. मस्कच्या बाजूने बोटोमीटर वापरून सांगण्यात आलं, दिसणाऱ्या खात्यांत ही ३३ टक्के आहेत. मापं वेगळी, मोजलेले गट वेगळे, पण दोन्ही टक्के एकाच आकड्याला लावले तर फरक साडेसहा कोटींच्या घरात जातो.

ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख पराग अग्रवाल पवईच्या आयआयटीत शिकलेले. त्यांनी मे २०२२ मध्ये लांबलचक ट्विटमाला लिहून समजावलं की दिवसाला पाच लाखांवर स्पॅम खाती आम्ही बंद करतो आणि उरलेल्यांचा अंदाज माणसांकडून नमुने तपासून काढतो. मस्कने त्यावर विष्ठेचं इमोजी पाठवलं. त्याआधी त्याने ट्विटर फक्त १०० खात्यांचा नमुना घेतं असं जाहीर करून टाकलं होतं आणि वर सांगितलं की ही गोष्ट गुप्त असल्याने ट्विटरच्या वकिलांचा मला फोन आला.

लोक नमुन्याच्या आकारावर हसले, ते मला पटत नाही. दिवसाला शंभर म्हणजे तिमाहीला नऊ हजार होतात, आणि नऊ हजारांतून पाच टक्क्यांचा अंदाज अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर निघतो. शितावरून भाताची परीक्षा होतेच. पंचाईत वेगळी होती. हातात घेतलेलं शीत शिजलंय की नाही, यावरच एकमत नव्हतं. ट्विटरच्या वकिलांनी कोर्टात हेच काढलं : मस्क ज्या बोटोमीटरच्या जोरावर बोलतोय, त्याच बोटोमीटरने त्याच वर्षी खुद्द मस्कच्या खात्याला बहुधा बॉट ठरवलं होतं.

सौदा झाला. २०२३ मध्ये ट्विटरचं फुकटचं एपीआय बंद झालं, संशोधकांना परवडतील अशा वाटा संपल्या. ताजी ट्विटं मिळेनात, तेव्हा बोटोमीटरला नवे गुण देता येईनात. मग बोटोमीटरवाल्यांनी मे २०२३ पर्यंतच्या माहितीवरून काढून ठेवलेल्या गुणांचं कोठार केलं आणि त्याला बोटोमीटर-एक्स असं नाव दिलं. एका हाकेत शंभर खात्यांचे गुण मागवता येतील अशी सोय त्यात आहे. पूर्वी पंधरा मिनिटांना १८० ची अडवणूक होती, आता तपासायचंच काही नाही म्हणून वेग वाढला.

उत्तरात चार गोष्टी येतात : गुण, तारीख, खात्याचा क्रमांक, खात्याचं नाव. मधल्या काळात ते खातं विकलं गेलं असेल, त्याचा मालक ट्विट करायचा थांबला असेल, किंवा रात्रंदिवस तेच चार शब्द ओकणारं यंत्र त्यात शिरलं असेल. गुण हलत नाही.

“तुमचं जुनं खातं टाकून बघू का?” भाच्याने विचारलं.

मी ते खातं कधीच बंद केलं होतं. तरी म्हटलं, तारीख काय येईल ते मला माहीत आहे. २०२३ चा मे महिना, नाहीतर त्याच्याही आधीची.